‘सेवा’ आणि ‘शुश्रूषा’ : आदिवासी आरोग्यविषयक मराठी लेखनातील परिचारिकेचे स्थान

सारांश

आदिवासी भागातील आरोग्यकार्याविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. या लेखनाने वाचकांच्या दोन पिढ्यांवर संस्कार केले. तथापि या लेखनाच्या केंद्रस्थानी प्रामुख्याने डॉक्टर आहे. पाड्यावर प्रत्यक्ष पोहोचणारी परिचारिका कथनाच्या कडेला राहिली आहे. प्रस्तुत निबंधात ‘प्रकाशवाटा’, ‘मेळघाटावरील मोहर’, ‘गोईण’ आणि ‘कानोसा’ या पुस्तकांच्या आधारे या अनुपस्थितीची मीमांसा केली आहे. न्यूझीलंडमधील माओरी परिचारिकांनी मांडलेल्या ‘सांस्कृतिक सुरक्षितता’ या संकल्पनेच्या प्रकाशात परिचर्या या व्यवसायाच्या निवडीचा अर्थही तपासला आहे.

बीजसंज्ञा : परिचारिका, आदिवासी आरोग्य, सेवा, शुश्रूषा, सांस्कृतिक सुरक्षितता, व्यवसायनिवड.

प्रस्तावना

मराठी मनाला सेवेच्या कथेचे विशेष आकर्षण आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना मृत्यू आला. हा प्रसंग महाराष्ट्राच्या सामूहिक स्मृतीत कोरला गेला आहे. १८८६ मध्ये डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी यांच्यावर कादंबरी लिहिली गेली, नाटक आणि चित्रपटही आले. परंतु त्यानंतर अवघ्या पाव शतकात पुणे सेवासदनाने विधवा व गरजू स्त्रियांसाठी ससून रुग्णालयात परिचारिका-प्रशिक्षणाची वाट मोकळी केली. त्या वाटेने गेलेल्या स्त्रियांची नावे मराठी वाचकाला सहसा सांगता येत नाहीत. डॉक्टर झालेली पहिली स्त्री चरित्रनायिका झाली. परिचारिका झालेल्या शेकडो स्त्रिया संस्थांच्या अहवालांत राहिल्या.

ही विषमता आदिवासी भागातील आरोग्यविषयक लेखनात अधिक ठळकपणे जाणवते. शासकीय आरोग्यव्यवस्थेच्या निकषानुसार डोंगराळ व आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, तर २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असते. उपकेंद्राचा भार मुख्यतः सहायक परिचारिका प्रसाविकेवर, म्हणजेच लोकांच्या भाषेत ‘सिस्टर’ किंवा ‘नर्सबाई’ हिच्यावर असतो. लसीकरण, गरोदर मातांची नोंद, प्रसूतीनंतरच्या गृहभेटी, तापाच्या रुग्णाचे रक्तनमुने अशी कामे करीत ती पाड्यापाड्यांवर फिरते. याचा अर्थ असा की, बहुसंख्य आदिवासी कुटुंबांचा आधुनिक वैद्यकाशी येणारा पहिला संबंध डॉक्टरशी नव्हे, तर परिचारिकेशी येतो. जी व्यक्ती अनुभवात पहिली आहे, ती साहित्यात शेवटची का असावी, हा या निबंधाचा मूळ प्रश्न होय.

हा प्रश्न केवळ वाङ्मयीन नाही. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण ९.३५ टक्के आहे. आदिवासीबहुल तालुक्यांतील महाविद्यालयांत शिकणाऱ्या अनेक मुलींसमोर बारावीनंतर जे मोजके मार्ग असतात, त्यांत परिचर्येचा मार्ग महत्त्वाचा आहे. त्यांना आपण वर्गात जे लेखन वाचायला देतो, त्यात त्यांच्या निवडीला कोणते स्थान आहे, याचा विचार अध्यापकाने करणे अगत्याचे आहे.

डॉक्टरकेंद्री कथनाची घडण

डॉ. प्रकाश आमटे यांचे ‘प्रकाशवाटा’ (२००९) हे या परंपरेतील सर्वाधिक वाचले गेलेले पुस्तक म्हणता येईल. भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे १९७३ मध्ये सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पाची ही कथा आहे. रस्ता नाही, वीज नाही, माडिया भाषा येत नाही आणि रुग्ण जवळ येण्यास घाबरतात, अशा अवस्थेतून एक दवाखाना कसा उभा राहिला, हे लेखकाने अनलंकृत भाषेत सांगितले आहे. स्वतःचा गौरव टाळणारा सूर हे या पुस्तकाचे मोठे सामर्थ्य होय. डॉ. मंदाकिनी आमटे आणि सहकारी कार्यकर्ते यांचे ऋणही लेखक मोकळेपणाने मान्य करतो.

असे असले तरी या कथनाची घडण लक्षात घेतली पाहिजे. त्यात निर्णयाचा एक क्षण आहे. शहरातील सुखकर आयुष्य आणि अरण्यातील खडतर आयुष्य यांतून नायक दुसऱ्याची निवड करतो. पुढे प्रतिकूलतेची मालिका येते, नंतर विश्वास संपादन होतो आणि अखेरीस जगाकडून मान्यता मिळते. २००८ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २०१४ मध्ये त्यांच्या आयुष्यावर आलेल्या चित्रपटाने नायकत्वाची ही बाजू शीर्षकातच अधोरेखित केली.

मृणालिनी चितळे यांच्या ‘मेळघाटावरील मोहर’ या पुस्तकातील डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे यांच्या जीवनकथेतही त्यागाला असेच केंद्रस्थान आहे. चाळीस किलोमीटर चालण्याची तयारी, पाच रुपयांत नोंदणी विवाह, महिन्याला चारशे रुपयांत संसार आणि इतरांसाठी भीक मागण्याची तयारी या डॉ. कोल्हे यांनी विवाहापूर्वी घातलेल्या अटी मराठी वाचकांना तोंडपाठ आहेत. बैरागडमधील त्यांचे प्रदीर्घ कार्य निर्विवाद मोठे आहे. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. परंतु वाचकाच्या मनात प्रथम ठसतात त्या या अटीच. याचे कारण असे की, आपल्या वाचनसंस्कारात व्यवसायनिवडीचे मोल तीत काय सोडले यावरून ठरते, काय शिकले यावरून नव्हे.

येथे परिचारिकेची अडचण सुरू होते. तिच्याजवळ सोडण्यासारखे फारसे काही नसते. शेतमजुराच्या घरातून आलेली, आश्रमशाळेत शिकलेली मुलगी परिचर्येचा अभ्यासक्रम पूर्ण करून उपकेंद्रावर रुजू होते. तेव्हा ती सुख टाकून दुःखाकडे गेलेली नसते. तिला पगार, गणवेश आणि प्रतिष्ठा यांचा प्रथमच लाभ होत असतो. त्यागाच्या मापाने मोजू गेल्यास तिची कथा ‘कथा’ ठरत नाही. ती ‘नोकरी’ ठरते. डॉक्टर तेथे ‘राहतो’ आणि परिचारिकेची तेथे ‘बदली होते’, अशी क्रियापदांची वाटणी आपल्या भाषेत नकळत झाली आहे. विचारात घेतलेल्या चारही पुस्तकांत परिचारिका ही कथनाची नायिका नाही, ही गोष्ट म्हणूनच अपघाताची मानता येत नाही. ती एका मूल्यदृष्टीची निष्पत्ती आहे.

‘सेवा’ आणि ‘शुश्रूषा’ : दोन शब्दांतील अंतर

या मूल्यदृष्टीचे मूळ ‘सेवा’ या शब्दाच्या आजच्या वापरात शोधता येते. सेवा करणारा आणि सेवा घेणारा यांच्यात सेवा करणारा हा नेहमी वाक्याचा कर्ता असतो. सेवा कशी झाली, याचा निर्वाळा बहुधा तोच देतो, किंवा त्याचे चरित्रकार देतात. सेवा घेणाऱ्याने कृतज्ञ राहावे, एवढीच अपेक्षा असते.

‘शुश्रूषा’ या शब्दाची कुळकथा वेगळी आहे. संस्कृतातील ‘श्रु’ म्हणजे ऐकणे. या धातूच्या इच्छादर्शक रूपापासून ‘शुश्रूषा’ हा शब्द सिद्ध होतो. त्याचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. गुरूचे ऐकू इच्छिणारा शिष्य त्याच्याजवळ राहतो आणि त्याची सेवा करतो. यातून पुढे रुग्णसेवेचा अर्थ रूढ झाला. ‘परिचर्या’ या शब्दातही ‘भोवती वावरणे’ हा अर्थ आहे. म्हणजे आपल्या भाषेने या व्यवसायाला दिलेल्या दोन्ही नावांत जवळ राहणे आणि ऐकणे या क्रिया अंतर्भूत आहेत. त्यागाचा त्यांत उल्लेख नाही.

शब्दांची व्युत्पत्ती म्हणजे व्यवहाराचा पुरावा नव्हे, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही ही अर्थच्छटा समीक्षेला एक उपयुक्त कसोटी पुरवते. एखाद्या आरोग्यविषयक लेखनात ज्याच्यावर उपचार झाले त्याचा आवाज किती ऐकू येतो, ही ती कसोटी होय.

या कसोटीवर डॉ. राणी बंग यांचे लेखन निराळे ठरते. ‘कानोसा’ या शीर्षकातच ऐकण्याची क्रिया आहे. गडचिरोली जिल्ह्यातील स्त्रिया आपल्या शरीराविषयी, पाळीविषयी, अंगावरून जाण्याविषयी आणि गर्भपाताविषयी काय बोलतात, हे या पुस्तकाचे आशयद्रव्य आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन खेड्यांतील तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे आढळले. त्यांपैकी पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रियांचे प्रमाण अवघे ८ टक्के होते. ही आकडेवारी धक्कादायक आहे. मात्र आकडेवारीने जे सांगितले, त्यामागचे ‘का’ समजण्यासाठी स्त्रियांची भाषा ऐकावी लागली. ‘कानोसा’ हे त्या ऐकण्याचे पुस्तक होय.

‘गोईण’ या पुस्तकात हेच ऐकणे झाडांपर्यंत जाते. गोईण म्हणजे जिवाभावाची मैत्रीण. गडचिरोलीतील स्त्रियांना भोवतालची झाडे मैत्रिणींसारखी कशी वाटतात, कोणते झाड कोणत्या दुखण्यावर वापरले जाते, त्याच्याशी कोणते सणवार आणि समजुती निगडित आहेत, याची नोंद लेखिकेने केली आहे. येथे डॉक्टर शिकवणारी नाही, शिकणारी आहे. ज्ञानाची दिशा उलटी झाल्यामुळे कथनाचा सूरही पालटतो. पाळीच्या काळात माडिया-गोंड स्त्रीला गावाबाहेरच्या कुर्माघरात राहावे लागते, या प्रथेकडे पाहण्याचे दोन मार्ग आहेत. बाहेरचा माणूस ‘अंधश्रद्धा’ हा एकच शब्द उच्चारून मोकळा होतो. ऐकणारी व्यक्ती तेथे राहणाऱ्या स्त्रीला काय त्रास होतो, काय नको वाटते आणि त्यातले काय तिला आपले वाटते, हे विचारते. दुसऱ्या मार्गाने प्रथेचे समर्थन होत नाही, तर प्रथा बदलायची असल्यास ती कोणी व कशी बदलावी, याचा अधिकार योग्य ठिकाणी जातो.

म्हणजे राणी बंग डॉक्टर असूनही त्यांच्या लेखनाची वृत्ती ‘शुश्रूषे’ची आहे. यावरून दोष डॉक्टर या व्यवसायाचा नसून कथनाच्या घडणीचा आहे, हे स्पष्ट होते. तथापि येथेही एक मर्यादा उरते. ‘सर्च’ संस्थेच्या घरोघरी नवजात बालसेवेच्या प्रयोगात गावातील स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण दिले गेले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार प्रयोगाच्या गावांत नवजात मृत्युदर नियंत्रण गावांच्या तुलनेत सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. एका बाजूला डॉक्टरांची प्रज्ञा आणि दुसऱ्या बाजूला गावच्या स्त्रीची क्षमता अशी ही मांडणी अत्यंत प्रभावी आहे. या दोन टोकांच्या मध्ये उभी असलेली व्यवसायशिक्षित परिचारिका मात्र साहित्याच्या नजरेतून पुन्हा निसटते.

सांस्कृतिक सुरक्षितता : माओरी परिचारिकांचा विचार

ज्या देशांत मूळनिवासी समाजातील स्त्रियांनी स्वतः परिचर्येचा व्यवसाय निवडला आणि त्या अनुभवातून सिद्धान्त मांडला, त्यांचा विचार येथे उपयुक्त ठरतो. न्यूझीलंडचे उदाहरण त्यांत अग्रणी आहे.

आकेनेही हेई या प्रारंभीच्या माओरी नोंदणीकृत परिचारिकांपैकी एक. १९०८ मध्ये त्यांची नोंदणी झाली. १९१० मध्ये आपल्याच कुटुंबातील विषमज्वराच्या रुग्णांची शुश्रूषा करताना त्यांना त्याच रोगाने मृत्यू आला. मराठी वाचकाला येथे सावित्रीबाईंचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. त्या काळात माओरी परिचारिकेकडून शासनाची अपेक्षा अशी होती की, तिने आपल्या लोकांत आधुनिक आरोग्याचे नियम न्यावेत. ती दूत होती, पण संदेश दुसऱ्याचा होता. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीही १८६० च्या दशकात वसाहतींमधील मूळनिवासींच्या शाळा व रुग्णालयांविषयी लिहिताना, या समाजांचा नाश न होता त्यांना ‘सुसंस्कृत’ कसे करावे, असाच प्रश्न उपस्थित केला होता. प्रश्न कळकळीचा होता, पण त्यात ‘सुसंस्कृत’ कोणास म्हणावे हे आधीच ठरलेले होते.

या भूमिकेला सैद्धान्तिक उत्तर दिले ते इरिहापेती रॅम्सडेन (१९४६-२००३) या माओरी परिचारिका-अध्यापिकेने. १९८८ मध्ये एका सभेत परिचर्येच्या पहिल्या वर्षाला असलेल्या माओरी विद्यार्थिनीने प्रश्न विचारला. तुम्ही कायदेशीर, नैतिक आणि वैद्यकीय सुरक्षिततेविषयी बोलता, मग आमच्या सांस्कृतिक सुरक्षिततेचे काय, असा त्या प्रश्नाचा आशय होता. रॅम्सडेन यांनी या प्रश्नातून ‘सांस्कृतिक सुरक्षितता’ ही संकल्पना विकसित केली. १९९२ मध्ये न्यूझीलंडच्या परिचर्या परिषदेने तिला अभ्यासक्रमात अनिवार्य स्थान दिले. पुढील काही वर्षांत वृत्तपत्रांतून तिच्यावर टीकेची झोड उठली आणि १९९५ मध्ये प्रकरण संसदीय समितीपर्यंत गेले. तरीही संकल्पना टिकली आणि अन्य देशांतही स्वीकारली गेली.

या संकल्पनेचा गाभा थोडक्यात असा सांगता येईल. परिचारिकेने रुग्णाच्या संस्कृतीची माहिती पाठ करणे पुरेसे नाही, किंबहुना ते धोक्याचेही ठरू शकते. तिने प्रथम स्वतःची संस्कृती, स्वतःचे पूर्वग्रह आणि आपल्या गणवेशातील सत्ता ओळखली पाहिजे. परिचर्या सुरक्षित होती की नाही, याचा निर्णय ती देणाऱ्याने नव्हे, तर ती घेणाऱ्याने करायचा आहे.

मराठीतील सेवाकथनाच्या संदर्भात हा विचार क्रांतिकारक आहे. आपल्याकडे ‘रुग्ण हळूहळू विश्वास ठेवू लागले’ हे वाक्य कथेतील विजयाची खूण मानले जाते. रॅम्सडेन यांच्या दृष्टीने प्रश्न उलटा आहे. आम्ही विश्वास ठेवण्यास पात्र कधी झालो, असा तो प्रश्न होय. रुग्णालयात प्रसूतीसाठी न येणारी आदिवासी स्त्री ‘अडाणी’ ठरवली जाते. परंतु तेथे तिला परक्या भाषेत हुकूम सोडले जातात का, उकिडवे बसून प्रसूत होण्याची सवय असताना तिला टेबलावर उताणे निजवले जाते का, सोबतीची सुईण दाराबाहेर थांबवली जाते का, हे विचारले जात नाही. हे विचारण्याची पहिली संधी परिचारिकेला मिळते. म्हणूनच ही संकल्पना वैद्यकातून न येता परिचर्येतून आली, हा योगायोग नव्हे.

व्यवसायनिवड : कोणाची आणि कोणासाठी?

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. आदिवासी समाजाची सेवा करण्यासाठी परिचर्येची निवड करणे, या विधानात निवड करणारी व्यक्ती कोण आहे, यावर अर्थ अवलंबून असतो.

कॅनडातील मोहॉक समाजातील ईडिथ अँडरसन मोंट्यूर यांना स्वदेशात परिचर्येचे शिक्षण घेता आले नाही. त्यांनी अमेरिकेतील न्यू रोशेल येथे प्रवेश घेतला आणि १९१४ मध्ये त्या उत्तीर्ण झाल्या. पहिल्या महायुद्धात त्यांनी फ्रान्समध्ये जखमी सैनिकांची शुश्रूषा केली. नंतर त्या सिक्स नेशन्स या आपल्या वसाहतीत परतल्या आणि अनेक वर्षे परिचारिका व सुईण म्हणून काम करीत राहिल्या. त्यांची कथा त्यागाची नाही. नाकारलेला हक्क मिळवण्याची आणि तो घेऊन घरी परतण्याची ती कथा आहे. क्री समाजातील जीन कथँड गुडविल यांनी १९५४ मध्ये परिचर्येचे शिक्षण पूर्ण केले आणि पुढे १९७० च्या दशकात मूळनिवासी परिचारिकांची राष्ट्रीय संघटना उभारण्यात पुढाकार घेतला. येथे व्यक्तीची निवड समूहाच्या मागणीत परिणत झाली.

भारतातील उदाहरण म्हणून शांती तेरेसा लाक्रा यांचा उल्लेख करता येईल. अंदमान-निकोबार प्रशासनाच्या सेवेत परिचारिका म्हणून त्यांनी लिटल अंदमान बेटावरील डुगाँग क्रीक येथे ओंगे जमातीत काम केले. २०११ मध्ये ओंगेंची संख्या सुमारे शंभर होती. २००४ च्या त्सुनामीनंतर हे लोक विस्थापित होऊन जंगलात राहू लागले, तेव्हा त्यांच्याबरोबर राहून त्यांनी आपले काम चालू ठेवले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या समाजात एका बालकाचा जन्म किंवा मृत्यू संपूर्ण जमातीच्या संख्येत दिसून येतो, तेथे परिचारिकेच्या दैनंदिन कामाला किती मोठा अर्थ आहे, हे सांगणे नलगे. तरीही त्यांच्यावरचे मराठी चरित्र आपल्या ग्रंथालयांत शोधून पाहावे, म्हणजे या निबंधातील तक्रारीचे स्वरूप ध्यानात येईल.

महाराष्ट्राच्या अनुसूचित क्षेत्रात परिचारिकेसह तलाठी, शिक्षक, ग्रामसेवक आदी पदे स्थानिक आदिवासी उमेदवारांतून भरावीत, अशी राज्यपालांची अधिसूचना २०१४ मध्ये निघाली. तिची अंमलबजावणी पुढे न्यायालयीन वादात सापडली, हा भाग वेगळा. त्या धोरणामागचा विचार मात्र महत्त्वाचा आहे. रुग्णाची भाषा बोलणारी परिचारिका ही सवलत नसून वैद्यकीय गरज आहे, असे त्यातून सूचित होते. कोरकू किंवा माडिया भाषेतील ‘दुखते’ या शब्दाच्या छटा जिला कळतात, ती निदानाच्या अर्ध्या वाटेवर आधीच पोहोचलेली असते.

दोन आक्षेप

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, डॉक्टरने स्वतःच्या आत्मकथनात स्वतःविषयी लिहिले, तर त्यात दोष कोणता? दोष नाहीच. ‘प्रकाशवाटा’ने आपल्या लेखकाचे जीवन प्रामाणिकपणे सांगितले आणि हजारो वाचकांचे लक्ष भामरागडकडे वळवले. आक्षेप पुस्तकावर नाही, पुस्तकांच्या अभावावर आहे. एकच प्रकारची कथा वारंवार वाचल्याने ती कथा म्हणजेच वास्तव, असा वाचकाचा ग्रह होतो. वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता आपल्या दुःखाचे कथन दुसऱ्याने करावे आणि आपण श्रोते असावे, या स्थितीचा तीव्र प्रत्यय देते. आरोग्यविषयक लेखनालाही हा इशारा लागू आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आदिवासी मुलीने परिचारिका होऊन आपल्याच समाजात काम करावे, या अपेक्षेतून तिच्यासाठी एक नवे कुंपण तर तयार होत नाही ना? शहरी मध्यमवर्गातील मुलगी परिचर्येची पदवी घेऊन आखाती देशांत किंवा इंग्लंडला गेली, तर तिचे अभिनंदन होते. भामरागडची मुलगी पुण्याच्या रुग्णालयात स्थिरावली, तर ‘आपल्या लोकांना विसरली’ असे म्हटले जाते. हा दुटप्पीपणा होय. समाजऋणाचा हिशेब केवळ वंचितांकडूनच वसूल करण्याची रीत न्याय्य म्हणता येत नाही. परतण्याचा निर्णय मूल्यवान ठरतो तो न परतण्याचे स्वातंत्र्य असेल तेव्हाच. शिवाय परत आलेल्या परिचारिकेला कंत्राटी नेमणूक, गळके निवासस्थान आणि रात्री-अपरात्री एकटीने करावयाचा प्रवास यांनाच सामोरे जावे लागणार असेल, तर तिच्या निष्ठेचे गोडवे गाणे ही व्यवस्थेची सोय ठरते. सांस्कृतिक सुरक्षिततेची चर्चा करताना परिचारिकेची स्वतःची सुरक्षितता विसरता येणार नाही. रक्तपेढी, रुग्णवाहिका आणि रस्ता यांची उणीव केवळ आपुलकीच्या भाषेने भरून निघत नाही, हेही तितकेच खरे.

त्यामुळे या निबंधाचा आग्रह असा नाही की, त्यागी डॉक्टरच्या जागी त्यागी परिचारिकेची मूर्ती बसवावी. मूर्ती बदलल्याने कथनाची घडण बदलत नाही. परिचारिकेची कथा कौशल्य, वेतन, थकवा, भीती, भाषा आणि ऐकणे यांसह, म्हणजे कामाची कथा म्हणून लिहिली गेली पाहिजे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. आदिवासी आरोग्याविषयीच्या मराठी लेखनात त्याग हे मध्यवर्ती मूल्य असल्याने परिचारिकेची व्यवसायनिवड कथनयोग्य मानली गेली नाही. ‘गोईण’ आणि ‘कानोसा’ यांनी ऐकण्याला केंद्रस्थान देऊन या घडणीला पर्याय दाखवला. माओरी परिचारिकांच्या विचाराने परिचर्येचा न्यायनिवाडा ती घेणाऱ्याच्या हाती सोपवला. मूळनिवासी समाजांतील परिचारिकांची चरित्रे पाहता त्यांची निवड ही उपकाराची नसून हक्काची आहे, असे दिसते.

या निष्कर्षांचा महाविद्यालयीन अध्यापनाशी थेट संबंध आहे. मराठी विभागांनी ‘प्रकाशवाटा’ अवश्य शिकवावे, पण त्यासोबत हेमलकशाच्या किंवा धारणीच्या परिसरातील एखाद्या निवृत्त परिचारिकेची मौखिक मुलाखत विद्यार्थ्यांकडून घेववावी. ती मराठीत घ्यावी, कोरकूत घ्यावी, माडियात घ्यावी, आणि बोलणारीच्या संमतीने तिचे लिप्यंतर विभागाच्या संग्रहात जतन करावे. पावसाळ्यात नदीला पूर आला असता लस थंड कशी ठेवली, भुमक्याशी किंवा पुजाऱ्याशी बोलणी कशी केली, कोणत्या घराने प्रथम दार उघडले आणि कोणत्या घराने ते कधीच उघडले नाही, पहिल्या पगारातून आईसाठी काय घेतले, या तपशिलांतून एक वेगळे आरोग्यसाहित्य उभे राहू शकेल. अशा दहा मुलाखती जरी जमल्या, तरी अभ्यासमंडळासमोर ठेवण्याजोगे एक पुस्तक तयार होईल. परिचर्येच्या प्रवेशाचा अर्ज भरण्यासाठी वर्गातून उठून जाणाऱ्या विद्यार्थिनीला तेव्हा आपल्या वाटेने आधी कोण गेले, हे वाचायला मिळेल.